लॉयड ब्रेकीची पाच काडतुसं

रानात निघायच्या आधी लॉयड ब्रेकी रिव्हॉल्व्हर तपासून घ्यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडाला उभा राहायचा, बाजूची झडप उघडायचा आणि चक्र टकटक फिरवत एकेका घरात डोकावायचा. घरं सहा, काडतुसं पाच. घोड्याखालचं घर रिकामं, कारण हत्यार जुन्या घडणीचं, ठेच लागून पडलं तर उगाच उडायला नको. पाचही पितळी बुडं दिसली की झडप बंद करून तो पट्टा कमरेला बांधायचा आणि म्हणायचा, "चल जो, सरकारी रान वाट बघतंय." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या माणसाला काल रात्री काय जेवलो ते सांगता यायचं नाही, पण हे तपासणं त्याचं एकदाही चुकलं नव्हतं.

त्याची मुलगी जोलीन त्या वेळी ओट्याकडे तोंड करून सँडविच बांधत असायची. तिला ते बघवायचं नाही. त्या पाच काडतुसांत दारूचा एक कण नव्हता, आणि ती काढणारी तीच होती.

का काढली ते सांगायला हवं, नाहीतर बाई कपटी वाटेल. माँटानाच्या त्या कोपऱ्यात घराच्या मागच्या कुंपणापासून जे सरकारी जंगल सुरू होतं ते थेट कॅनडाला जाऊन भिडतं. तिथे कमरेला हत्यार लावून फिरायला कुणाची ना नाही. कायद्याची परवानगी आहे, आणि अस्वलं तर आहेतच. म्हातारे लावतात, बायका लावतात, पाद्रीसुद्धा मासे धरायला जाताना लावतो. फक्त एवढंच की कायदा वय विचारत नाही आणि आठवण शाबूत आहे का, हे तर मुळीच विचारत नाही.

गेल्या सप्टेंबरात वाटेच्या कडेला झुडपात काहीतरी तपकिरी हललं. लॉयडचा हात कमरेला गेला, रिव्हॉल्व्हर बाहेर आलं, घोडा मागे ओढला गेला. जोलीनने त्याचं मनगट धरलं तेव्हा त्या झुडपातून एक बाई उठून उभी राहिली. तपकिरी जाकीट, हातात अळंब्यांची पिशवी, आणि तोंडाचा आ झालेला. जोलीनने हात जोडून तिची माफी मागितली. लॉयडने रिव्हॉल्व्हर परत पट्ट्यात खोचलं. परतताना पिकअपमध्ये मात्र तो खुशीत म्हणाला, "केवढं होतं बघितलंस? आणि गेलं कसं गुपचूप." त्याने बाई पाहिलीच नव्हती. त्याने अस्वल पाहिलं होतं.

"ते हत्यार काढून घे त्यांच्याकडून," जोलीनचा भाऊ केंट फोनवर म्हणाला.

"तू ये आणि घे."

"मी स्पोकेनला आहे, जो."

"मग तिथूनच हात लांब कर."

केंटने स्पोकेनमध्ये म्हाताऱ्यांसाठी एक जागा पाहून ठेवली होती. चांगली होती. खोलीला खिडकी, तीन वेळचं जेवण, आणि फिरायला एक लांबलचक व्हरांडा, ज्याच्या दोन्ही टोकांना कुलूप. लॉयडने त्याबद्दल एकदाच तोंड उघडलं होतं, तेही नोव्हेंबरात, सणाची टर्की कापता कापता, सगळ्यांदेखत. "ज्या दिवशी हत्याराच्या बाबतीत माझ्या हातून चूक होईल, त्या दिवशी मी स्वतः पट्टा काढून ठेवीन आणि हा केंट सांगेल तिथे जाऊन बसेन. तोवर मला कुणी व्हरांडे दाखवायचे नाहीत." बोलला तसं तो वागणार, हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं.

अळंबीवाल्या बाईची गोष्ट त्याला सांगावी, असं जोलीनला दहादा वाटलं. पण त्याला ती आठवत नव्हती, आणि न आठवणाऱ्या चुकीसाठी माणसाला घराबाहेर काढायचं तिच्या जिवावर आलं. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हाताऱ्याला ऐकू कमी यायचं म्हणून नेमबाजीला जाणं त्याने सोडलं होतं, गाडी चालवणं सोडलं होतं. उरलं होतं ते हे रान. आणि रानात तो हत्याराशिवाय पाऊल टाकायचा नाही. त्याने चालावं आणि कुणाचा जीवही जाऊ नये, अशी दोन्हीकडची सोय जोलीनला पाहिजे होती.

ती सोय तिला बापानेच शिकवून ठेवली होती. लॉयड आयुष्यभर स्वतःची काडतुसं स्वतः भरत आला. घरामागच्या पडवीत त्याचं बाक होतं. तिथे जोलीन बारा वर्षांची असताना तिला स्टुलावर बसवून त्याने सगळं दाखवलं होतं. पितळी नळी पुसायची. तिच्या बुडाशी टोपी बसवायची, तिच्यावरच घोडा आपटतो आणि ठिणगी पडते. मग तोलून दारू घालायची. वरून शिसं दाबायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येक नळीत डोकावून बघायचं, दारू पडलीय ना. "एक जरी नळी विसरलीस ना जो," तो म्हणायचा, "तर ती नेमकी त्याच दिवशी निघेल ज्या दिवशी तुला तिची गरज आहे." आणि सगळ्यात आधीचा नियम, तेलाचा हात टोपीला लावायचा नाही. तेल लागलं की टोपी मेली.

एप्रिलमध्ये तो न्हाव्याकडे गेला तेव्हा जोलीनने एकेका काडतुसाचं शिसं उपसलं, दारू ओतून टाकली, टोपीवर तेलाचा थेंब सोडला आणि शिसं परत दाबून बसवलं. पट्ट्यातली पाच आणि खोक्यातली वीस. तिचा हात सफाईदार होता, बापाने तसा घडवला होता. लॉयड केस कापून आला, काडतुसांकडे बघितलं, त्याला काही कळलं नाही. जोलीनचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळसही आली. मग ती वाटाण्याचं सूप ढवळत बसली.

एप्रिल ते ऑगस्ट सगळं सुरळीत चाललं. खरं सांगायचं तर बरंच चांगलं चाललं. आठवड्यातून तीनदा ते दोघं रानात जायचे, म्हातारा पुढे, पोरगी मागे. पुढे तो, कारण हत्यार त्याच्याकडे.

त्या दिवशी वाट सुरू होते तिथे एक शहरी जोडपं गाडीतून उतरत होतं. दोघांच्या अंगावर सगळं नवंकोरं होतं, बुटांची लेबलं काय ती काढली होती. बाईची नजर लॉयडच्या कमरेवर अडकली.

"ते... खरं आहे का हो?"

"म्हाताऱ्याला खेळणं कोण देतं, बाई," लॉयड म्हणाला.

जोलीन वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

"पण हे असं घेऊन यायला परवानगी आहे?" नवऱ्याने विचारलं.

"हे रान सरकारचं, म्हणजे तुमचं आणि माझं. इथे कमरेला लावायला कायद्याची ना नाही. वाटेच्या दिशेने झाडायचं नाही, तंबूंच्या जवळपास झाडायचं नाही, आणि बिअर पोटात असली तर हातही लावायचा नाही. बाकी मजेत फिरा. खाऊ मात्र तंबूत ठेवू नका, अस्वलाला परवानगी लागत नाही."

बाई हसली. लॉयडला हसवता आलं की तो फुलायचा. "आणि आमच्या पोरीकडे तर मसाल्याचा डबा आहे," तो जोलीनच्या पट्ट्यावरच्या मिरचीच्या फवाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "अस्वल आलं की ही त्याला फोडणी देणार."

"बाबा, तुम्ही चला आता," जोलीन म्हणाली. "ऊन चढेल."

जळून गेलेल्या उतारावर हकलबेरीची झुडपं माजली होती आणि फळं पिकून काळी पडली होती. प्रत्येक वळणावर लॉयड मोठ्याने हाक द्यायचा, "ए अस्वलबाई, आम्ही आलो गं!" अचानक गाठ पडू नये म्हणून तिथे सगळेच अशी हाक देतात. पण त्या दिवशी वारा समोरून होता आणि ओढा भरून वाहत होता, आवाज पुढे गेलाच नाही. वळण संपलं आणि तीस पावलांवर अस्वल उभं होतं. मोठं, खांद्यावर कुबड असलेलं, तोंड फळांनी माखलेलं. या वेळी ती कुणी बाई नव्हती.

"जो, माझ्या मागे ये," लॉयड हळू म्हणाला. आवाज इतका शांत होता की तीस वर्षांपूर्वीचा तिचा बाप बोलतोय असं तिला वाटलं. "पळू नकोस. मागे उभी राहा."

आणि ती मागे उभी राहिली. याचं तिला पुढे आयुष्यभर वाईट वाटणार होतं. तिला ठाऊक होतं की त्या हातात लोखंडाच्या तुकड्यापलीकडे काही नाही. तरी बापाने मागे ये म्हटलं आणि तिचे पाय आपोआप मागे गेले.

अस्वलाने कान पाडले आणि ते धावून आलं. लॉयडने घोडा ओढला, चाप दाबला. टक. पुन्हा ओढला, पुन्हा टक. तो जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा टक. जोलीनची बोटं फवाऱ्याच्या खिळीशी झटत होती, खिळी निघत नव्हती. चौथी, पाचवी. मग खिळी सुटली आणि तिने बापाच्या खांद्यावरून लाल ढग सोडला. दहा पावलांवर अस्वल थबकलं, फुरफुरलं, नाक जमिनीला घासलं आणि वळून झुडपं मोडत खाली गेलं.

वाऱ्याने मिरची त्या दोघांच्याही डोळ्यांत आणली. बराच वेळ ती दोघं खोकत, रडत उभी होती. जोलीन नुसती मिरचीने रडत नव्हती.

डोळे उघडता यायला लागले तसा लॉयड एका ओंडक्यावर बसला. झडप उघडून त्याने काडतुसं एकेक करून तळहातावर काढली. "टोपीवर खड्डा पडलाय," तो म्हणाला. "पाचही. घोडा बरोबर बसला होता. मग पेटल्या का नाहीत?"

"ओल लागली असेल," जोलीन म्हणाली.

"पाचांना?"

ती वाटेला लागली. उतरताना पहिल्यांदाच लॉयड मागे चालला.

घरी आल्यावर तो पाणीही न पिता पडवीत गेला. शिसं उपसायचा हातोडा त्याने काढला, त्यात एक काडतूस अडकवलं आणि बाकावर आपटलं. शिसं निघालं. नळी कागदावर उपडी केली. काही पडलं नाही. त्याने ती झटकली, टॉर्च घेऊन आत बघितलं, मग दुसरं काडतूस घेतलं. पाच झाली तेव्हा त्याने खोकं उघडलं. जोलीन दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि हातोड्याचा प्रत्येक ठोका मोजत होती. सहा, सात, आठ. नवव्याला तो थांबला आणि नळीत काडी घालून टोपीची आतली बाजू पुसून त्याने ती काडी नाकाशी नेली.

"तेल," तो म्हणाला. "जो, मी तेलाच्या हाताने टोप्या बसवल्या. आणि दारू घालायचीच विसरलो. एका नळीत नाही, सगळ्या खोक्यात."

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण बोललं तर काय होणार तेही तिला लख्ख दिसत होतं. का म्हणून तो विचारील, मग त्या अळंबीवाल्या बाईचं सांगावं लागेल, मग एप्रिलपासूनची प्रत्येक सकाळ सांगावी लागेल, आणि हा माणूस तिच्याकडे कसं बघेल ते तिला सहन झालं नसतं. आणखी एक गोष्ट होती, ती कबूल करायला तिला फार दिवस लागले. मनाच्या एका कोपऱ्यात तिला हायसं वाटलं होतं. आता भांडायला नको, हत्यार हिसकावायला नको, केंटचे फोन नकोत. सगळं आपोआप होणार होतं. भित्री माणसं दुष्ट नसतात, पण त्यांच्या हातून दुष्टपणा होऊन जातो, तसा तिच्या हातून झाला.

"इकडे ये पोरी," लॉयड म्हणाला.

ती गेली. त्याने तिचा हात धरला. त्याच्या हाताला मिरचीचा वास होता.

"मी तुला तसल्या रानात नेलं. पुढे हो, मागे राहा, असं मोठ्या तोंडाने सांगत होतो, आणि कमरेला हे घेऊन. तुला काही झालं असतं तर? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?" त्याचा आवाज फुटला. "मला माफ कर, जो."

"बाबा, असू द्या. काही झालं नाही ना."

"मला माफ कर म्हणतोय मी."

"केलं," जोलीन म्हणाली. आयुष्यात इतका घाणेरडा शब्द आपण उच्चारला नाही, असं तिला वाटलं. पण उच्चारला खरा.

लॉयडने पट्टा सोडला, गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. बाकाच्या खणाची किल्ली दिली. मग घरात जाऊन त्याने स्वतः केंटला फोन लावला. "तुझा तो व्हरांडा अजून शिल्लक आहे का?" जोलीनने एवढंच ऐकलं आणि ती बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

पुढचे पंधरा दिवस त्याने एकदाही रानाचं नाव काढलं नाही. सकाळी तो खिडकीशी उभा राहायचा, हात मोकळे, काय करावं ते न कळल्यासारखा. खालच्या गल्लीपर्यंतसुद्धा तो गेला नाही. "चुकीच्या वाटेला लागलो तर?" म्हणायचा. गॅस बंद केला का हे तीनतीनदा विचारायचा. कॉफीत साखर घातली की चमचा हातात धरून बसायचा, खरंच घातली की नाही, याचा भरवसा नाही म्हणून. आधी विसरायचा तेव्हा त्याला ते कळायचं नाही. आता जे विसरला नव्हता त्याचीही त्याला भीती बसली होती. पंधरा दिवसांत तो दहा वर्षांनी म्हातारा झाला, आणि ती वर्षं त्याच्यावर जोलीनने लादली होती.

निघायच्या दिवशी सामान पिकअपमध्ये चढलं. लॉयड पुढच्या सीटवर सीटबेल्ट लावून बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसा. जोलीन स्टिअरिंगमागे बसली, किल्ली घातली, आणि तिला ती फिरवता येईना.

"बाबा, ते मी केलं."

"काय केलंस?"

"काडतुसं. तुम्ही दारू घालायला विसरला नव्हतात. मी काढली. एप्रिलमध्ये, तुम्ही न्हाव्याकडे गेला होतात तेव्हा. शिसं उपसलं, दारू ओतून टाकली, टोप्यांवर तेल सोडलं. पंचवीसच्या पंचवीस. तुमची भरणी बरोबर होती, बाबा. तुमचं काहीही चुकलं नव्हतं."

लॉयड तिच्याकडे बघत राहिला. जोलीन रडत होती आणि थांबत नव्हती. तिने अळंबीवाल्या बाईचं सांगितलं, तपकिरी जाकिटाचं सांगितलं, आपण त्याचं मनगट कसं धरलं ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा मऊ होत गेला.

"तुझी आईसुद्धा असंच करायची," तो म्हणाला. "मी काही हरवलं की म्हणायची, मीच इकडे तिकडे ठेवलं असेल. मला बरं वाटावं म्हणून."

"मी बरं वाटावं म्हणून नाही बोलत. खरं सांगतेय. शपथ घेऊन सांगते."

"शपथ कशाला घेतेस?" त्याने खिशातला रुमाल काढून तिच्या मांडीवर ठेवला. "जो, मी विसरभोळा झालोय, पण अजून वेडा नाही झालो. मला एक सांग. ते अस्वल समोर होतं. माझ्या हातातलं हत्यार पोकळ आहे हे तुला ठाऊक असतं, तर तू मला त्याच्यापुढे उभं राहू दिलं असतंस? तू?"

जोलीनने तोंड उघडलं. मग रुमाल उचलून तोंडाशी धरला.

"बघ," लॉयड म्हणाला आणि त्याने तिच्या गालावरून हात फिरवला. "माझी पोरगी असं कधी करणार नाही. एवढं तर मला अजून आठवतंय. चल, गाडी काढ. केंट वाट बघत असेल."

तिने डोळे पुसले आणि किल्ली फिरवली.